पालथी ओळ

जगात कामं उलटी होतात ती चुकून. पण मुद्दाम उलटं करायचं आणि त्यालाच कसब म्हणायचं, असा प्रकार प्रेमानंदने ओमानच्या सूर बंदराला येईपर्यंत पाहिला नव्हता.

मोरोक्कोतल्या फेज शहरातून इद्रीस नावाचा एक वयस्क कारागीर बोलावून घेतला होता. सगळे त्याला मअल्लम म्हणत, म्हणजे उस्ताद. झिलई दिलेल्या भाजक्या मातीच्या फरशा तो मांडीपुढच्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवायचा आणि जड धारदार हातोडीने त्यांच्या चांदण्या, बदाम, पाकळ्या पाडायचा. इथवर ठीक होतं. मग हे सगळे तुकडे तो सपाट जमिनीवर जुळवायचा, तेही पालथे. रंग जमिनीकडे आणि मातकट पाठ आपल्याकडे. वरून प्लास्टर ओतायचं, ते धरलं की अख्खी लादी उचलून भिंतीला लावायची. निळं कुठे बसलं आणि हिरवं कुठे, ते तेव्हा दिसणार. तोवर सारी नक्षी म्हाताऱ्याच्या डोक्यात.

प्रेमानंद कंपनीचा फिनिशिंगचा इंजिनिअर. काम तपासून सही करणं ही त्याची भाकरी. "मी काय पाठ बघून सही करू?" असं तो पहिल्याच आठवड्यात चिडून म्हणाला होता. त्यावर मअल्लम जे बोलला ते गुलजारने हिंदीत करून सांगितलं. गुलजार सियालकोटचा, प्लास्टर कालवायला होता, आणि उभी हयात आखातात काढल्यामुळे अरबी त्याच्या जिभेवर होती. "साब, मअल्लम बोलता है, आदमी का भी पहले पीठ ही देखो." प्रेमानंदला हे काही फारसं पटलं नाही. म्हाताऱ्यांना अशी वाक्यं सुचतातच.

काम म्हणजे एक पाणपोई. ओमानात तिला सबील म्हणतात. घरासमोर, मशिदीसमोर, वाटसरूंसाठी थंड पाण्याचा नळ ठेवणं हे तिथे पुण्याचं काम. या घराची मालकीण सालिमा. तिच्या वडिलांची गलबतं एके काळी सूरहून मुंबईला आणि झांजिबारला जात. त्यांच्या स्मरणार्थ तिला घराच्या रस्त्याकडच्या भिंतीत पाणपोई बांधायची होती. तीन नळ, भोवती निळ्याहिरव्या चांदण्या, आणि वर तिने स्वतः रचलेली एक अरबी ओळ. ती ओळ करण्याची रीत आणखी वेगळी. काळ्या झिलईच्या फरशीवर अक्षरं रेखायची, आणि अक्षरं तेवढी राखून बाकीचा काळा थर छिन्नीने खरवडून टाकायचा. मअल्लमचे कितीतरी दिवस त्या एका ओळीत गेले होते. पण फरशी पालथी घातली की ओळही पालथी. पाठीकडून बघणाऱ्याला नुसती माती दिसायची.

त्या बाईंना साइटवर सगळे 'मामा' म्हणत. घरच्या मालकिणीला तिकडे तसंच म्हणतात. प्रेमानंदला सुरुवातीला ते उच्चारताना हसू फुटायचं, कारण त्याचे खरे मामा गोरेगावला राहत आणि भरघोस मिशा राखून होते.

सगळं नीट चाललं होतं, आणि एका सकाळी मामांचा भाचा माजिद आला. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, गॉगल, अत्तराचा घमघमाट. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या कामात शेवटच्या दिवशी सुधारणा सुचवणाऱ्यांपैकी होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. पाणपोई रस्त्यावर नको, आतल्या अंगणात घ्या, बैठकीच्या दालनासमोर. रस्त्यावर कोण येणार? गलबतांच्या कारखान्यातले आणि बांधकामावरचे मजूर. ते कॅन भरणार, पाय धुणार, नक्षीवर थुंकणार. एवढं सुंदर काम त्यांच्यासाठी? आत लावलं तर पाहुणे बघतील. मजुरांसाठी गेटबाहेर आत्ता जो स्टीलचा कूलर आहे तो मागच्या गल्लीत हलवू. आत्याने होकार दिला आहे. यल्ला, चला.

प्रेमानंदने मस्कतच्या मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, क्लायंट म्हणेल ते कर. तेलाचे भाव कोसळले होते, कंपन्या माणसं कमी करत होत्या, आणि अशा दिवसांत मान खाली घालून काम करणाऱ्याचीच मान शाबूत राहते, हे प्रेमानंदला कोणी शिकवायला नको होतं. तो मुळातच नाकासमोर चालणारा माणूस. त्याने टेप काढली आणि आतला कोनाडा मोजला.

घोडं अडलं ते तिथे. आतला कोनाडा रस्त्याच्या भिंतीपेक्षा दीडेक हाताने अरुंद होता. ओळीची पट्टी मावेना. प्रेमानंदने ड्रॉइंग उघडलं. पट्टीच्या उजव्या टोकाला नुसती पानांची वेल होती आणि तिच्यानंतर अक्षरं सुरू होत. अरबी उजवीकडून वाचतात एवढं त्याला ठाऊक होतं. वेल म्हणजे शोभा. ती उडवली की ओळ मावते. गणित सुटलं. त्याने खडू घेतला, जमिनीवर मांडलेल्या पट्टीचं उजवं टोक मापलं आणि त्यावर ठसठशीत फुली मारली.

मअल्लमची हातोडी थांबली. तो हलक्या आवाजात काहीतरी बोलला. गुलजार आधी हसला, मग फुलीकडे नीट पाहून हसायचा थांबला.

"साब, आपने बेल नहीं काटी. आपने बात काट दी."

प्रेमानंदच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पट्टी पालथी होती. पालथ्या वस्तूचं उजवं ते सुलट्याचं डावं, हे शाळकरी पोरालाही कळतं. त्याला कळलं नाही. सहा महिने तो या उलट्या कामावर कुरकुरत होता, आणि नेमक्या वेळी ते उलटं आहे हेच विसरला.

"कौनसी बात?" त्याने विचारलं. आणि विचारताना त्याच्या लक्षात आलं, की ही ओळ काय म्हणते ते आपण आजवर एकदाही विचारलेलं नाही.

गुलजारने मअल्लमकडून एकेक शब्द घेऊन सांगितलं. "लिखा है, ऐ प्यासे, ठहर और पी, तू जो कोई भी हो." मग खडूकडे बोट दाखवून म्हणाला, "ये वाला है, 'तू जो कोई भी हो'. इसी पे आपका चॉक है."

प्रेमानंदने खिशातून रुमाल काढून फुली पुसली. भाजक्या मातीत खडू मुरला होता, पुसट डाग उरलाच. मग त्याने दुसऱ्या टोकाला, म्हणजे खऱ्या वेलीवर, नवी फुली मारली. माजिद एव्हाना गाडीत बसला होता. "खलास?" त्याने काच खाली करून विचारलं. "खलास," प्रेमानंद म्हणाला. उद्या पहाटेच्या गारव्यात वेलीचे तुकडे काढून मअल्लम प्लास्टर ओतणार होता. एकदा ओतलं की दगडावरची रेघ.

चूक सुधारली, तरी प्रेमानंदचा पाय कामावर बांधलेल्या ताडपत्रीखालून निघेना. ओळ आता पूर्ण होती, एक अक्षरही जाणार नव्हतं. ती आतल्या अंगणात लागणार होती, गेट बंद राहणार होतं, आणि आत लिहिलेलं असणार होतं, तू जो कोणी असशील तो. त्याला वाटलं, आपण चुकून मारलेली फुलीच खरी होती. बरोबर मारलेल्या फुलीने आपण एक खोटं भिंतीत बसवतो आहोत.

दुपारी तो जेवायला घरी गेला. बायकोने, कांताने, सुरमई तळली होती. त्याने दोन घास खाल्ले आणि सगळं सांगितलं.

"मग त्यात तुमचं काय जातं?" कांता म्हणाली. "त्यांचं घर, त्यांची भिंत, त्यांचं पाणी."

"त्यांचं पाणी, हेच आजोबांना सांगितलं होतं ना."

ती गोष्ट कांताच्या सासरची होती, आणि लग्न झाल्यापासून ती इतक्यांदा ऐकलेली होती की आता ती तिचीही झाली होती. प्रेमानंदचे आजोबा महाडजवळच्या खेड्यातले. बाबासाहेबांच्या मागून चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांत ते होते. ऐन तारुण्यात होते, ओंजळीने पाणी प्यायले आणि परत येताना डोक्यात काठी खाल्ली. पुढे गावच्या सवर्णांनी ते तळं शेण नि गोमूत्र ओतून शुद्ध करून घेतलं. आजोबांच्या कपाळावर केसांत शिरलेली खोक होती. लहानपणी प्रेमानंद त्यांच्या मांडीवर बसून तिच्यावरून बोट फिरवायचा.

"मी अडवत नाही," कांता हळू म्हणाली. "मला भीती वाटते. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? क्लायंटने कम्प्लेंट केली तर हे लोक ठेवतील का तुम्हाला? एनओसी नाही दिली तर दोन वर्षं दुसरीकडे लागता येत नाही. मैत्रीचं बोर्डाचं वर्ष आहे. पोरीला मध्येच उचलून कुठे नेणार?"

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. प्रेमानंद ताटावरून उठला, हात धुतले, आणि गाडीची किल्ली हातात घेऊन उगाच खिडकीशी उभा राहिला. कांताने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"जाणारच असाल तर शर्ट बदला," ती म्हणाली. "बाहीला खडू लागलाय."

दुपारच्या नमाजानंतर तो मामांच्या ओसरीवर पोचला. इंजिनिअरने मालकाशी परस्पर बोलायचं नसतं, मॅनेजरमार्फत बोलायचं असतं. हे ठाऊक असूनही तो गेला. मामांनी खजूर पुढे केले, छोट्या पेल्यात कॉफी ओतली. त्यांना हिंदी येत होती. वडिलांच्या गलबतातून लहानपणी त्या मुंबईला आल्या होत्या आणि आपल्या हिंदीला अजून 'बंबई का' म्हणत.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "मामा," तो म्हणाला, "सबील अंदर लगाना है तो लगाइए. लेकिन आखिर के लफ्ज काट दीजिए. 'तू जो कोई भी हो', वो."

"क्यों?"

"गेट बंद रहेगा. अंदर सिर्फ मेहमान आएगा. मेहमान कौन है, वो तो आपको मालूम होता है."

मामांनी पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा कठीण झाला. "वो मैंने मेरे बाप के लिए लिखा है. तुम कौन, काटने वाला?"

मैत्रीची शाळा, एनओसी, मस्कतचा मॅनेजर, सगळे प्रेमानंदच्या डोळ्यांपुढून गेले. मग तो बोलायला लागला. आपण कोण, हे त्याने सांगितलं. तळं सांगितलं, आजोबा सांगितले, काठी सांगितली. हिंदी तुटक होत होती, पण तो थांबला नाही. आखातात इतकी वर्षं काढली, पण जातीचं हे सगळं त्याने कुठल्या परक्या माणसापुढे आजवर उघडं केलं नव्हतं. इथे सगळे 'इंडियन'. त्या एका शब्दाच्या सावलीत त्याला बरं वाटायचं.

मामांना एक गोष्ट समजेना. "वो तालाब में जानवर पीता था?"

"पीता था."

"कुत्ता?"

"कुत्ता भी."

"और तुम्हारा दादा नहीं?"

"नहीं."

मामा हातातली जपमाळ नुसतीच धरून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम इतने महीने से इधर आता है. गेट के बाहर मेरा कूलर है. उसका पानी पिया कभी?"



प्रेमानंदच्या गाडीत थर्मास असायचा. कांता रोज सकाळी फिल्टरचं पाणी भरून द्यायची. गेटबाहेर माणसं कॅन घेऊन रांगेत उभी असत आणि तो त्यांच्या बाजूने, बूट भिजणार नाहीत असा, आत जायचा. किळस वगैरे काही नव्हती. निदान त्याला तसं वाटायचं. ते लेबरचं पाणी आहे, एवढंच. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यानेही कधी मनात उच्चारलं नव्हतं. गाडी, थर्मास आणि इस्त्रीचा शर्ट यांच्याबरोबर ते आपोआप आलं होतं. सूरलाच नाही, सबंध ओमानात, रस्त्याकडेच्या एकाही सबीलचं पाणी तो आजवर प्यायला नव्हता. आजोबांचा नातू. त्याला इतकी शरम वाटली की समोरच्या खजुरांकडेही बघवेना.

"नहीं," तो म्हणाला.

"मैं भी नहीं," मामा म्हणाल्या.

त्यांनी जपमाळ मांडीवर ठेवली. त्यांचे वडील असताना गेटबाहेर मातीचे रांजण असत, असं त्यांनी सांगितलं. रोज सकाळी ते बाहेर जात आणि हमाल, खलाशी, कोणी असेल त्याच्या देखत, त्यातलंच पाणी पहिल्यांदा स्वतः पीत. म्हणजे येणाऱ्याला कळायचं, की घरातलं आणि बाहेरचं पाणी एकच आहे. ते गेले. रांजण जाऊन कूलर आला, आणि घरातलं कोणी पुन्हा तिथे प्यायलं नाही. माजिद म्हणाला, मजूर घाण करतात. "मैंने बोला, ठीक है. मैंने खुद जा के देखा नहीं."

मग त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेल्या आणि आतल्या कुणाला तरी अरबीत मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. त्यात माजिदचं नाव होतं आणि सूर प्रेमाचा नव्हता.

"रोड पे लगाओ," त्या मागे वळून म्हणाल्या. "पूरा. बेल भी रखो, मेरे बाप को झाड़ बहुत पसंद था."

"इन्शाल्ला," प्रेमानंद म्हणाला.

"इन्शाल्ला नहीं. कल."

ताडपत्रीखाली जाऊन त्याने मअल्लमला सांगितलं. हातवाऱ्यांनीच सांगितलं, कारण गुलजार तिथे नव्हता. त्याने वेलीवरची फुली बोटाने दाखवली आणि हात हलवला, नाही, नाही. मग रस्त्याकडे बोट केलं. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पाण्यात भिजवलेलं फडकं घेऊन स्वतःच फुली पुसायला बसला. त्याला ती पट्टी कापायची नव्हतीच.

प्रेमानंद गेटबाहेर आला. काम सुटायची वेळ होती. खाडीवरून दमट वारा येत होता आणि कूलरपाशी माणसं जमली होती. निळे डगले, खांद्यावर टॉवेल, हातात कॅन. तो जाऊन सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पुढच्या माणसाने वळून पाहिलं, इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि बाजूला झाला. त्याच्या पुढचाही झाला. "आप चलिए साब, आप चलिए." तो "नाही, नाही" म्हणत राहिला, पण कोणी पुढे होईना. दिवसभर उन्हात राबलेली तहानलेली माणसं केवळ त्याच्यामुळे खोळंबली आहेत हे बघून, त्याला मुकाट्याने पुढे व्हावं लागलं.

नळाशी गुलजार होता. साखळीने बांधलेल्या स्टीलच्या मगातून तो घटाघटा पाणी पीत होता. प्रेमानंदला बघताच त्याने मग तोंडापासून काढला.

"साब? थर्मास गाड़ी में है क्या? मैं लाता हूँ."

"नहीं. यही पिऊँगा."

गुलजारचा चेहरा गोंधळला. मग त्याने लगबगीने मगातलं उरलेलं पाणी ओतून दिलं, तो रिकामा नळाखाली धरला, कडेवरून आतून-बाहेरून अंगठा फिरवून घासला, विसळला आणि पुन्हा घासू लागला. "एक मिनट साब. मेरा जूठा है."

प्रेमानंद त्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याचे आजोबा पार म्हातारे होईपर्यंत, दुसऱ्याच्या घरी चहा घेतला की कप स्वतः उचलून बाहेर नेत आणि असाच, अंगठा कडेवरून फिरवून, धुऊन ठेवत. घरचे लोक "अहो राहू द्या" म्हणत, पण त्यांचा अंगठा ऐकायचा नाही. तळ्याचं पाणी पिऊन आलेला माणूस. त्यांच्या अंगठ्यापुढे तेव्हा कोण उभं असायचं, ते प्रेमानंदने कधी पाहिलं नव्हतं. आता त्या जागी तो उभा होता.

"गुलजार, मत धो," तो म्हणाला. त्याचा आवाज नको तितका मोठा निघाला. गुलजारला वाटलं साहेब रागावले, म्हणून तो आणखी जोराने घासायला लागला.

प्रेमानंदने त्याच्या हातातून मग काढून घेतला. नळ सोडला, मग भरला आणि तोंडाला लावून सगळा प्यायला. थोडं पाणी शर्टावर सांडलं. मग त्याने रिकामा मग गुलजारपुढे धरला.

"तेरा आधा रह गया था," तो म्हणाला.

गुलजारने एकदा मगाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. त्याचा अंगठा सवयीने कडेवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो मग, न धुता, नळाखाली धरला.